खाली ऐकू जातो तो तबला नव्हेच

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा दहावीत आहे, लहानपणापासून तबला शिकतो, मध्यमा परीक्षा झाली आहे आणि आता विशारद परीक्षेची तयारी चालू आहे. रोज सकाळी सहा ते सात रियाज, आणि क्लास, अभ्यास आटोपला की रात्री नऊनंतर पुन्हा जमेल तेवढा. खालच्या घरात साठीपुढचं जोडपं राहतं. काकांची काही महिन्यांपूर्वी बायपास झाली. त्यांची तक्रार आधी लिफ्टमध्ये तोंडी आली, मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली, आणि आता समितीचं पत्र आलं आहे. यजमानांचं म्हणणं, सकाळी सहानंतर वाजवायला कायद्याची आडकाठी नाही, पत्राला उत्तरसुद्धा देऊ नका. सासूबाईंचं म्हणणं, त्या लोकांना संगीताचं वावडं आहे. नणंदेचे यजमान इंटिरिअरची कामं घेतात. त्यांनी दहा बाय अकराची खोली 'शंभर टक्के साउंडप्रूफ' करून देण्याचं एक लाख नव्वद हजारांचं एस्टिमेट दिलंय आणि अ‍ॅडव्हान्स मागितलाय. ताई लिहितात, "मुलगा म्हणतो, एवढी कटकट असेल तर तबलाच सोडतो. पैसे घालावेत का? आणि घालायचे नसतील तर घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? शिवाय खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे. दिवसभर हॉर्न ऐकून डोकं उठतं. त्याचंही काम याच पैशांत होईल ना?"

ताई,

अ‍ॅडव्हान्स देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांतपणे वाचता येईल.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो जोडलात ते बरं केलंत. त्यात तीन भिंतींना फोमची पॅनेल्स आहेत, छताला फोम आहे, वर कापडाचं फिनिशिंग आहे, एलईडीची पट्टीसुद्धा आहे. जमिनीचा मात्र एका ओळीतही उल्लेख नाही. तक्रार आली आहे खालून, आणि खालच्या घराची आणि तुमची सामाईक गोष्ट एकच, ती म्हणजे तुमच्या पायाखालचा स्लॅब. नेमका तोच सोडून बाकी सगळ्या खोलीला हात लावायचे एक लाख नव्वद हजार.

बरं, जमिनीलाही फोम लावला असता तरी फरक पडला नसता. आवाज अडवायचा तर वजन लागतं. आपल्याकडचा साधा पाच इंची स्लॅब दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास भरतो. दोन इंच जाडीचा फोम तेवढ्याच जागेत भरतो जेमतेम दीड किलो. ज्याला तीनशे किलो काँक्रीट अडवू शकलं नाही, त्याला हा दीड किलो स्पंज काय अडवणार? एखाद्या आडोशाचं वजन दुप्पट केलं तर हिशेबाने साधारण सहा डेसिबल फरक पडतो, आणि कानाला आवाज 'निम्मा झाला' असं वाटायला सुमारे दहा डेसिबलची घट लागते. या दोन आकड्यांवरून तुम्हीच अंदाज बांधा.

मग स्टुडिओत फोम असतो तो कशाला? तो आतला घुमारा मारायला. गुळगुळीत भिंती, टाइल्स, काच असलेल्या मोकळ्या खोलीत आवाज आपटून आपटून परत येतो. फोम तो शोषतो, त्यामुळे खोलीत बसणाऱ्याला आणि माइकला स्वच्छ ऐकू येतं. बाहेर जाणाऱ्या आवाजाशी त्याचा फारसा संबंध नाही. अंड्यांच्या ट्रेची गोष्टही तीच, फक्त ते फोमहून स्वस्त आणि झुरळांना प्रिय. पॅनेलच्या माहितीपत्रकावर 'एनआरसी ०.८५' असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो शोषणाचा आकडा आहे. अडवण्याचा आकडा वेगळा असतो, त्याला एसटीसी म्हणतात, आणि फोमच्या माहितीपत्रकावर तो बहुधा नसतोच. असलाच तरी तुमच्या कामाचा नाही, कारण एसटीसी मोजताना १२५ हर्ट्झच्या खालचे स्वर धरतच नाहीत, आणि डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या मोठ्या भांड्याचा, घुमारा तिथेच, त्या खर्जात असतो.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ज्या खोलीत मुलगा दार लावून बसतो, सरस्वतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावून रियाज सुरू करतो, तिच्या तीन भिंती आणि छत त्याने मढवणं मला तरी पटत नाही.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे असं मला वाटतं. खालच्या काकांना संगीताचं वावडं आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्यांनी तुमच्या मुलाचा तबला ऐकलेलाच नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

काँक्रीट सगळे स्वर सारखे अडवत नाही. चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा 'ना', 'तिट', 'किना' हे वरचे, टोकदार बोल स्लॅबमधून जाताना बहुतेक गळून पडतात. डग्ग्याचा खर्ज मात्र पार होतो. त्यात तबला जमिनीवर मांडलेला. चुंबळीतून थाप थेट टाइलमध्ये उतरते, टाइलमधून स्लॅबमध्ये. तुमची इमारत मायवानची आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे विटांच्या भिंती नाहीतच, भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेलं सलग काँक्रीट. अशा घरात शेजाऱ्याचं बोलणं कमी ऐकू येतं, पण ठोका, आदळआपट, ड्रिलिंग कुठल्या कुठे पोचतं. चौथ्या मजल्यावर कुणी खिळा ठोकला तर सातव्याला वाटतं आपल्याच भिंतीत ठोकताहेत. जेव्हा तुमच्या घरात 'धा तिट धा तिट धा धा तिट' असा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, चालू असतो, तेव्हा खाली पोचतं ते फक्त धुप… धुप… धुप, धुप. त्यात लय आहे हेसुद्धा कळत नाही, कारण मधले बोल गायब आहेत. सकाळी सहा वाजता डोक्यावरून येणारं ते धुपधुपणं ऐकून उस्तादांनासुद्धा राग येईल.

म्हणून पहिलं काम पैशांचं नाही. खाली जायचं, आणि ऐकायचं.

माफीनामा घेऊन जाऊ नका आणि पेढेही नेऊ नका. पेढे नेले की समोरच्याला भिडेपोटी 'नाही हो, तसा काही त्रास नाही' म्हणावं लागतं, आणि तुम्हाला खरं उत्तर हवंय. फोन करून सांगा, "काका, आवाज कमी करायचा आहे, पण तुमच्याकडे नक्की किती येतो हे आम्हाला वर बसून कळत नाही. रविवारी अकरा वाजता तुमच्या बेडरूममध्ये वीस मिनिटं बसू का?" कुणी तक्रार केल्यावर असं विचारलेलं फार कमी लोकांनी अनुभवलेलं असतं.

खाली बसल्यावर फेऱ्या अशा करा. वर मुलाने रोजच्या जागी, टाइलवर, एकच कायदा ठाय, म्हणजे संथ लयीत दोन मिनिटं वाजवायचा, खिडक्या दारं उघडी ठेवून. मग तेच, खिडकी आणि दार लावून. मग तबला डग्गा उचलून पलंगावरच्या जाड गादीवर मांडायचा आणि पुन्हा तेच दोन्ही प्रकारे. खाली तुम्ही आणि काकू-काका पलंगावर बसून ऐका, त्यांच्या खोलीचा पंखा नेहमीसारखा असू द्या. खिडकी लावल्यावर फरक पडला तर आवाज हवेतून, बाहेरून फिरून येतोय. गादीवर ठेवल्यावर फरक पडला तर तो जमिनीतून उतरतोय. माझी पैज दुसऱ्यावर आहे, पण पैज माझी आहे, कान त्यांचे. फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपवर फार विसंबू नका. फोनचा माइक बोलणं पकडण्यासाठी असतो, खर्जात तो चुकतो. काका म्हणाले "आता चालेल" तर चालेल.

पाचवी फेरी मात्र जरूर करा. मुलाला खाली आणा, आणि वर यजमानांना डग्ग्यापुढे बसवून नुसतं 'गे गे गे गे' वाजवायला सांगा. त्यांना वाजवता येत नाही तेच बरं. तबला सोडतो म्हणणाऱ्या मुलाला आत्ता एवढंच कळलंय की आपल्यामुळे घरात भांडणं होतात. आपला डावा हात खाली कसा ऐकू येतो हे त्याला एकदा स्वतःच्या कानांनी कळू द्या. नंतर काय करायचं हे त्याला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं सुचेल.

जमिनीतूनच उतरतोय असं निघालं, तर उपाय आहे चौथरा. सुताराकडून चार फूट बाय चार फूट करून घ्या. अठरा एमएमच्या प्लायचे दोन थर एकमेकांवर स्क्रूने आवळायचे. खाली दोन इंची रिबॉन्डेड फोमचे विटेएवढे नऊ तुकडे, तीन ओळींत तीन तीन. हा फोम गादीवाल्याकडे मिळतो, रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला, नेहमीच्या स्पंजाहून घट्ट. वर जाड सतरंजी किंवा जाजम, त्यावर चुंबळी, आणि मुलगाही त्याच चौथऱ्यावर बसायचा. त्याचं वजन आपल्या फायद्याचं आहे, कारण जड वस्तू मऊ आधारावर ठेवली की ठोका खाली उतरत नाही, वरच विरतो. सुताराला दोन गोष्टी बजावून सांगा. चौथरा भिंतीला टेकता कामा नये, चहूबाजूंनी दोनेक इंच मोकळी जागा हवी. आणि वरून खाली जाणारा एकही स्क्रू किंवा लाकडी पाय जमिनीला लागता कामा नये. एक जरी लागला तरी त्यातून ठोका सरळ खाली जाईल आणि सगळा खटाटोप वाया. सुतार 'हलतोय, पाय लावून देतो' असं म्हणणारच. लावू देऊ नका, थोडा हललाच पाहिजे.

मुलगा बसल्यावर फोम जरासा दबायला हवा. अजिबात दबला नाही तर तो कडक आहे, खर्ज थांबवणार नाही. पार चपटा झाला तर मऊ आहे, तुकडे वाढवा. दहा हजारांच्या आत हे काम बसावं. आवाज नाहीसा होईल असं मी म्हणत नाही. धुप आहे ती बोथट होईल, लांबून आल्यासारखी वाटेल. तेवढ्यावर भागतं का हे पुन्हा खाली जाऊनच ठरवायचं.

त्याबरोबर खोली बदलून पाहा. सोसायट्यांमध्ये एकाखाली एक तेच नकाशे असतात, म्हणजे मुलाच्या खोलीखाली त्यांची तीच खोली. ती काकांची झोपायची असेल तर रियाज तुमच्या हॉलमध्ये आणा, त्यांच्या हॉलच्या डोक्यावर. हॉलमध्ये टीव्ही लागतो, सासूबाईंची मालिका असते, मान्य. तास दीड तासाची तडजोड आहे. एक लाख नव्वद हजारांपुढे मला ती स्वस्त वाटते.

आणि वेळ. पहाटेचा रियाज ही आपल्याकडे श्रद्धेची गोष्ट आहे, म्हणून जपून लिहिते. सकाळचा तास पढंतीला द्या. हातावर ताल धरून बोल म्हणायचे, कायदे, पलटे, तुकडे तोंडाने पक्के करायचे. लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी सुरावट, हेडफोनवर. हे कमी प्रतीचं काम नव्हे, गुरुजींना विचारा, पढंत कच्ची असलेली मुलं परीक्षेत कुठे अडखळतात ते त्यांना माहीत असतं. प्रत्यक्ष वाजवणं संध्याकाळी पाच ते सात. डग्ग्यावर पंचा टाकून वाजवायचा उपाय बरेच जण सांगतात. हात चालता ठेवायला ठीक आहे, पण रोज तसंच वाजवलं तर घुमाऱ्याचा, मींडेचा अंदाज बिघडतो. रात्रीचा अर्धा तास फार तर तसा करावा. सोसायटीचं क्लबहाउस संध्याकाळी रिकामं असेल तर आठवड्यातून दोन दिवस ते मागा. ज्या समितीने पत्र पाठवलंय तिच्याकडेच मागायचं.

यजमानांच्या कायद्याबद्दल. ते पूर्ण चुकीचं बोलत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. म्हणजे सहानंतरचा रियाज नियमाने 'दिवसा'त येतो, आणि रात्री नऊला सुरू केलेला मात्र दहाला थांबलाच पाहिजे. पण हे आकडे त्या परिसरातल्या आवाजाचे आहेत, कुणाच्या उशीशी पोचणाऱ्या ठोक्याचे नाहीत. तुमच्या रस्त्यावर दिवसा नुसत्या रहदारीनेच ५५ ओलांडले जात असणार. म्हणजे कायद्याने मोजायला गेलात तर तबला कदाचित निर्दोष सुटेल, आणि काका तरीही सकाळी सहाला जागे होतील. तुम्हा दोन्ही घरांना पुढची वर्षं याच इमारतीत काढायची आहेत. समितीच्या पत्राला लेखी उत्तर द्या, चार ओळींचं: पहाटे वाजवणं बंद, संध्याकाळी पाच ते सात, जमिनीवर चौथरा बसवतोय, महिनाभराने खालच्या घरी विचारून पुन्हा कळवतो. उत्तर न देणं हे समिती उद्धटपणाच समजते आणि पुढची बैठक तुमच्या नावाने भरते.

आता खिडकी आणि हॉर्न. फोमच्या पॅनेलने तेही काम होणार नाही, कारण हॉर्न येतो काचेतून आणि फटींतून.

फटींचं गणित ऐकून थक्क व्हायला होतं. दार कितीही भक्कम असो, त्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का उघडी फट असली की वीस डेसिबलच्या वर आवाज अडतच नाही, बाकीचं दार लोखंडाचं केलंत तरी. तीन फुटी दाराखालची पाऊण इंच फट म्हणजे जवळजवळ तो एक टक्का झाला. जुन्या घरांत प्रत्येक दाराला उंबरठा असायचा, ही फट आपोआप बंद व्हायची. हल्ली आतल्या दारांना उंबरठे नसतात, टाइल सलग जाते, रोबोट झाडू फिरायला सोपं पडतं म्हणे. फटी शोधायला उदबत्ती पेटवा, पंखा बंद करा आणि खिडकीच्या चौकटीभोवती सावकाश फिरवा. धूर जिथे ओढला जातो किंवा आत ढकलला जातो तिथून आवाजही ये-जा करतो. एसीच्या पाइपाचं भोक, केबलवाल्याने पाडून ठेवलेलं भोक, चौकट आणि भिंत यांच्यामधली सुकलेली पुट्टी, ही नेहमीची ठिकाणं. सिलिकॉन सीलंट, दाराला रबरी गॅस्केट आणि खाली पट्टी, एवढ्याने कधी कधी इतका फरक पडतो की पुढचं काही करावंसं वाटत नाही. हे करूनच मग काचेकडे वळायचं.

तुमची खिडकी बिल्डरने दिलेली तीन ट्रॅकची सरकती असणार, एक जाळीची आणि दोन काचेच्या. सरकत्या खिडकीच्या कडेला ब्रशसारखी लव असते, ती धूळ अडवते, आवाज नाही. दाबून बंद होणारी, बिजागरीची, गॅस्केटवाली खिडकी त्याहून कितीतरी बरी. काच लॅमिनेटेड घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये पातळ थर चिकटवलेली. मधे हवेची छोटी पोकळी असलेली 'डबल ग्लास' विकायला येईल. ती उष्णतेसाठी चांगली, पण बस-ट्रकच्या घरघरीवर तिचा फारसा उपयोग नाही, पोकळी फार अरुंद पडते. त्यापेक्षा आहे ती खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला चार इंच सोडून दुसरी घट्ट खिडकी बसवा. रस्त्यालगतच्या घरांना खर्चाच्या मानाने हा उपाय मला सर्वांत पटतो. जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, हॉर्न नाही. आणि खोलीत झोपताना कानाला किती शांतता हवी, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात रात्री शयनगृहात ३० डेसिबल म्हटलंय. पुण्यात रस्त्याकडेच्या घरात ते जमणं अवघडच. चाळीशीच्या आसपास आलात तरी आनंद माना.

एक सावधगिरी मात्र सगळ्या वाचकांसाठी. खोली हवाबंद करण्याआधी हवा कुठून येणार हे ठरवा. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली खिडकी किंवा झडप आवाजासाठी म्हणून कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दर हिवाळ्यात त्याने माणसं दगावतात. आणि भिंतीला लाकडी पॅनेल ठोकाल तर पावसाळ्यात मागे ओल धरते का बघा, पश्चिमेच्या भिंतीला तर नक्कीच.

ज्यांचा त्रास उलटा आहे, म्हणजे वरून येणारा, त्यांचीही पत्रं येत असतात. खुर्च्या सरकवणं, रात्री अकराला खलबत्ता, ओट्यावर घरघरणारा मिक्सर. त्यांना एवढंच सांगते की स्वतःच्या छताला फॉल्स सीलिंग करून हा आवाज थांबवायला जाऊ नका. ठोका भिंतींतूनही उतरतो, छत झाकलं तरी भिंती उघड्याच. वरच्यांच्या खुर्च्यांच्या सोळा पायांना रबरी बूट आणि मिक्सरखाली रबराची चटई, हे तुम्ही स्वतः विकत घेऊन वर नेऊन दिलंत तरी शे-पाचशेत काम होतं. खलबत्त्याखाली जुनी गोधडी घडी करून ठेवायला सांगा. देताना चेहरा हसरा असू द्या.

खरीखुरी आवाजबंद खोली असते का? असते. तिला खोलीत खोली म्हणतात. आतली जमीन रबरावर तरंगती, आतल्या भिंतींची फ्रेम मूळ भिंतींना न चिकटता स्वतंत्र उभी, तिला जिप्सम बोर्डाचे दोन दोन थर, पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, छतही स्प्रिंगच्या हुकांना टांगलेलं, एकामागे एक दोन दारं, आणि ताजी हवा आत घेणारा वेगळा, आवाज शोषणारा मार्ग. दहा बाय अकराच्या खोलीत आत नऊ बाय दहाही उरत नाही आणि डोक्यावरची फूटभर उंची जाते. खर्च तुमच्या एस्टिमेटच्या कितीतरी पुढे. त्यात स्लॅबवर येणाऱ्या वजनासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शब्द आणि सोसायटीची लेखी परवानगी. मुलाने पुढे हाच व्यवसाय धरला, घरी शिष्य यायला लागले, तर याचा विचार करा. दहावीच्या वर्षात नको. कुणीही असं काम सांगितलं तर त्यांना विचारा: किती डेसिबल कमी होईल, कुठल्या खोलीत मोजून दाखवाल, आणि शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर दिला तर चालेल का? 'शंभर टक्के' म्हणणारा माणूस तिसऱ्या प्रश्नाला बहुधा विषय बदलतो.

राहता राहिले नणंदेचे यजमान. त्यांनी फसवलं असं मला वाटत नाही. या धंद्यात पुष्कळ जण फोमलाच साउंडप्रूफिंग म्हणतात, गिऱ्हाईकही तेच मागतं. त्यांना 'नको' म्हणण्याऐवजी कामच बदलून द्या. "भावोजी, तक्रार खालून आहे, तर आधी जमिनीचं करू या" एवढं म्हटलं की पुरे. चौथरा, दाराखालची पट्टी, फटींचं सीलंट आणि जमलं तर आतली दुसरी खिडकी, हे सगळं त्यांच्याकडूनच करून घ्या, त्यांची मजुरी चोख द्या. तरंगत्या चौथऱ्याला ते पाय लावायला निघतील, तेव्हा तेवढं उभं राहून बघा.